खराटा हाती घेणारे गाडगेबाबा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला परिचारिका व्हायचे असेल, कोणाला अंगणवाडीत किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेत काम करायचे असेल. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयातून तुम्ही समाजकार्याची पदवी घेतली, तर तिच्यावर संत गाडगेबाबांचे नाव असेल. कारण अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिलेले आहे. गंमत पाहा, बाबा स्वतः कधीच शाळेत गेले नव्हते!

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी यवतमाळशेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगाव येथे झाला. वडील लवकर वारले. मामाच्या घरी गुरे राखून, शेतात राबून ते मोठे झाले. निरक्षर शेतकऱ्याला सावकार कसा लुबाडतो, हे त्यांनी तेथेच पाहिले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ एक फुटके गाडगे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

एखाद्या गावात आले, की बाबा आधी रस्ते व गटारे साफ करत. काम झाल्यावरच ते भाकरी घेत. झाडता झाडता गावाची दुखणी त्यांच्या नजरेस पडत. रात्री ते कीर्तन करत. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते लोकांना साधे साधे प्रश्न विचारत. कर्ज, दारू, शिवाशिव यांतले नुकसान मग लोकांच्याच तोंडून बाहेर येई. त्यामुळे ते त्यांना पटे.

कोणाची काय अडचण आहे, हे बाबा बरोबर ओळखत. पंढरपुरात दलित यात्रेकरूंना थारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. मुंबईत रोग्यांबरोबर आलेले खेड्यातले नातेवाईक उघड्यावर राहत. त्यांच्यासाठी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. लोकांनी लाखो रुपये दिले. पण बाबांनी त्यांतला पैसाही स्वतःसाठी किंवा आपल्या कुटुंबासाठी घेतला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, सेवेला, म्हणजेच खिदमतीला, नुसती दया पुरत नाही. डोळे उघडे ठेवणे, समोरच्याच्या भाषेत बोलणे, हलके मानलेले काम आधी स्वतः करणे आणि दुसऱ्याचा पैसा जपणे, हे शिकावे लागते. पदवी तुम्ही पुढे मिळवालच. पण हे शिकायला आजच आपल्या वर्गापासून सुरुवात करता येईल.