नाथमाधव : रुग्णशय्येवरील साहसयात्री

शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या ग्रंथकाराचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा हरिभाऊ आपटे यांच्यासारखी मान्यवर नावे ओघानेच डोळ्यांपुढे आली. तथापि मराठी ग्रंथालयांच्या कपाटांतून ज्यांची पुस्तके वाचकांच्या हातांनी खरोखर झिजली, त्या नाथमाधवांना वगळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटले नाही. वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात. मी स्वतःही वर्गात इतकी वर्षे त्याहून फारसे अधिक सांगितले नाही, याची थोडी टोचणी आहेच.

द्वारकानाथ माधवराव पितळे यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावांतून त्यांनी 'नाथमाधव' हे टोपणनाव सिद्ध केले. शिक्षण आटोपल्यावर कुलाब्यास तोफांचे गाडे तयार करणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. शरीर काटक, वृत्ती धाडसी आणि छंद शिकारीचा. असा तरुण पुढे लेखणी हाती धरील, असे तेव्हा कोणास वाटले नसावे.

पंचविशीच्या आतबाहेरच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. शिकारीच्या निमित्ताने सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले. प्राण वाचले, परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. डोंगरकपारी तुडविणाऱ्या माणसाला खाटेवर खिळून राहावे लागले. त्या दीर्घ आजारपणात पुस्तकांची सोबत लाभली आणि वाचता वाचता ते लिहू लागले. १९०८ साली 'प्रेमवेडा' ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

तो काळ इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या भराचा होता. स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'तील सरदार, ड्यूमाचे तलवारबहाद्दर शिलेदार, रेनॉल्ड्सची रहस्ये यांनी आपल्याकडील सुशिक्षितांस वेड लावले होते. मायदेशी टीकाकारांनी नाक मुरडलेल्या रेनॉल्ड्सला हिंदुस्थानात मात्र उदंड वाचक मिळाला. मराठीत हे बीज अगदीच परके नव्हते. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, तर गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ चे. नाथमाधवांनी ह्या दोन्ही प्रवाहांचे पाणी घेतले. १९१३ सालची 'वीरधवल' वाचताना परदेशी कथांची सावली जाणवते हे खरे, पण ती वाचकाला खटकत नाही. 'सावळ्या तांडेल' ह्या नावातच खाऱ्या वाऱ्याचा वास आहे, तर 'सोनेरी टोळी'च्या नावात गूढाचे आमिष. निव्वळ अनुकरणाने असे वाचक मिळत नसतात.

येथे स्टीव्हन्सनची आठवण होते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा हा लेखकही छातीच्या विकाराने जर्जर होता आणि कित्येकदा अंथरुणातूनच लिहीत असे. साहसकथा ही केवळ पळवाट आहे, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी ह्या दोन रुग्णांचा विचार करावा. नाथमाधवांच्या घोडदौडी आणि चढाया ह्या ज्याला त्या आता कधीच करता येणार नव्हत्या, अशा माणसाने लिहिल्या आहेत. कडा म्हणजे काय, पाय घसरणे म्हणजे काय, हे त्याला ऐकीव नव्हते. माझ्या मते त्यांच्या कथनातील वेगाचे मूळ येथे शोधावे. कथानकातले योगायोग अतिरेकी आहेत, संवाद पुष्कळदा नाटकी आहेत, हे दोष मान्य करूनही.

त्यांनी सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. स्त्रीजीवनाचे प्रश्न हाताळणारी त्रिखंडी 'डॉक्टर' ही त्यांतली प्रमुख. १९२१ पासून मात्र 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी ऐतिहासिक माला त्यांनी वाचकांपुढे ठेवली. सिंहगडाने त्यांचे पाय हिरावून घेतले. पण गडांचे वेड काही हिरावले गेले नाही.

ही माला बुऱ्हाणपुरात वाचण्याची गोडी काही वेगळीच. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजांनी ह्याच शहरावर छापा घातला, आणि उत्तरेस असीरगड उभा आहे. शाळा हिंदी माध्यमाची, घरी बोली मराठी, अशा आमच्यासारख्या मुलांना ग्रांथिक मराठीची पहिली ओळख व्याकरणाने नव्हे, तर 'वीरधवल'च्या पुढच्या प्रकरणाच्या ओढीने झाली. आज घरोघरी मराठी वाचता न येणारी मुले वाढत असताना बालविभागात काय ठेवावे, याचा विचार कार्यकारी मंडळाने ह्या अंगाने जरूर करावा.

नाथमाधव २१ जून १९२८ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे सेहेचाळीस होते. पहिल्या कादंबरीपासून वीस वर्षे त्यांनी पडल्या पडल्या लेखन केले. त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. आपल्या संग्रहातील 'वीरधवल'ची जुनी प्रत मात्र तातडीने बांधणीस द्यावयास हवी. तिची शेवटची काही पाने सुटली आहेत.