पाण्याखालचा गणिताचा पेपर

समजा, तुम्ही बोटीवर आहात. वेटसूट अर्धा उतरवलाय, नाकातून खारट पाणी गळतंय. स्कूबाच्या ॲडव्हान्स्ड कोर्समधली डीप डाइव्ह नुकतीच झालीये. म्हणजे व्हायला हवी होती. ती १८ मीटरच्या खाली गेलात तरच धरतात आणि तुमच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दाखवतोय १६. पाणी गढूळ होतं, बोटवाल्याला घाई होती. शिकवणारा दादा लॉगबुक उघडतो आणि २४ लिहू का, असं विचारतो. रात्रीची बस गाठायचीये. काय कराल?

मी मान हलवली.

मी चितेगावची. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, समुद्र म्हणजे एका रात्रीचा प्रवास. त्यामुळे सलग कोर्स कधी जमलाच नाही. ओपन वॉटर तारकर्लीला झालं, ॲडव्हान्स्डच्या दोन डाइव्ह गोव्यात, तिसरी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी आणि चौथी आणखी एका सेंटरवर, ज्याचं नाव इथे नको. पावसाळ्यात पश्चिम किनारा बंद, मध्ये सेमिस्टर, मध्ये पैसे. चांगली गोष्ट ही, की अशा तुकड्यातुकड्यांनी कोर्स करता येतो. पाच डाइव्ह, त्यातली एक खोल पाण्यातली आणि एक होकायंत्रावर दिशा शोधायची. प्रत्येक डाइव्हच्या नोंदीवर त्या त्या शिकवणाऱ्याची सही. पुढचं सेंटर मागच्या सह्या बघतं आणि तिथून पुढे नेतं. पाच झाल्या की कार्ड मिळतं आणि ३० मीटरपर्यंत जायची मुभा. म्हणजे सगळा कारभार सहीवर विश्वास ठेवून चालतो.

तर ती २४ आकड्याची सही घेऊन मी घरी आले आणि या पानासाठी जे. बी. एस. हॉल्डेनवर लिहायला बसले. तिथे घोळ झाला.

या हॉल्डेनला तुम्ही बायोलॉजीच्या पुस्तकात भेटला असाल. उत्क्रांतीला गणिताची भाषा देणाऱ्या तिघांपैकी एक, बाकीचे दोघे फिशर आणि राइट. पण पुस्तकात जे येत नाही ते असं, की पाण्याखाली माणसाच्या शरीराचं आणि डोक्याचं काय होतं, हे समजून घ्यायला या माणसाने स्वतःला अक्षरशः कोंडून घेतलं होतं.

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचे शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीतले विषारी वायू हा त्यांचा विषय आणि प्रयोगाला घरातलाच मुलगा. एकदा खाणीत एका बुटक्या जागी त्यांनी लहानग्या जॅकला उभं केलं आणि शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्या ओळी झाल्या, धाप लागली, पाय लटपटले, पोरगं खाली पडलं. जमिनीजवळ मात्र हवा ठीक होती. मिथेन हलका असतो, तो छताला साचतो. हा धडा तो जन्मभर विसरला नाही. आजचे पालक असं करतील तर थेट पोलीस केस होईल, हेही खरंच.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाला एक प्रश्न छळत होता. पाणबुडे खोल जाऊन वर आले की कुणाचे सांधे आखडतात, कुणी लुळा पडतो, कुणी मरतो. कारण होतं नायट्रोजन. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. माणूस झटकन वर आला, की गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतं तसं. फस्सकन बुडबुडे, फक्त इथे बाटलीच्या जागी तुम्ही. वडिलांनी दाबाच्या टाकीत बकऱ्यांवर प्रयोग केले, शरीराचे लवकर भरणारे आणि सावकाश भरणारे असे पाच गट धरून हिशोब मांडला आणि थांबत थांबत वर यायची कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या मनगटावरचा कॉम्प्युटर आज जे मोजतो ते याच कल्पनेचं वाढवलेलं रूप आहे. तारकर्ली असो की गोवा, सेंटर बदललं तरी नियम बदलत नाहीत, ते यामुळे.

या कामासाठी १९०६ मध्ये वडील स्कॉटलंडच्या समुद्रावर होते. तेरा वर्षांच्या जेबीएसलाही त्यांनी पाणबुड्याचा पोशाख घालून खाली सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा, त्यामुळे मनगटापाशी पाणी शिरायला लागलं. पोरगं घाबरलं नाही. हवेच्या झडपेने पाणी कसंबसं अडवून धरलं आणि वर आलं ते कुडकुडत.

पुढे ऑक्सफर्डला त्याने गणितात पहिला वर्ग मिळवला आणि शेवटची पदवी घेतली ती ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञानात, १९१४ साली. विज्ञानाची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. आपल्याकडे तर तो फॉर्म भरतानाच बाद झाला असता. पहिल्या महायुद्धात तो खंदकात होता. जर्मनांनी क्लोरीन वायू सोडल्यावर वडिलांनी त्याला बोलावून घेतलं, आणि दोघं क्लोरीन भरलेल्या खोलीत बसून कुठला मास्क किती वेळ टिकतो ते बघत राहिले. तिथून दम लागलेल्या अवस्थेत तो पुन्हा आघाडीवर गेला.

केंब्रिजची वर्षं मी पटकन सांगते. विवाहित पत्रकार शार्लटशी प्रेम, तिच्या घटस्फोटाचा खटला, त्यावरून विद्यापीठाने काढून टाकणं आणि अपील करून परत येणं. मधल्या काळात रक्तातलं आम्ल वाढलं की काय होतं ते पाहायला अमोनियम क्लोराइड पाण्यात घालून पिणं आणि दिवसेंदिवस धापा टाकणं. १९३३ पासून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होता.

मग १ जून १९३९. थेटिस ही नवी पाणबुडी चाचणीसाठी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडी मारायला गेली आणि वर आलीच नाही. ९९ माणसं गेली. त्यात नौदलाच्या लोकांबरोबर पाणबुडी बांधणारे कामगारही होते. चौकशीसाठी कामगार संघटनांनी हॉल्डेनला गाठलं. तो पुस्तकं चाळत बसला नाही. स्पेनच्या यादवीत लढून आलेले चार साथीदार घेऊन लंडनच्या एका कारखान्यातल्या पोलादी टाकीत शिरला आणि दार बंद करून घेतलं. स्वतःच सोडलेल्या श्वासाने हवा विषारी होत जाते तेव्हा डोकं किती दुखतं, उलटी कधी होते, हात कधी काम सोडतात, हे तासन्‌तास आत बसून टिपलं. ती माणसं कशी गेली असतील, हे त्याला त्यांच्या जागी बसून पाहायचं होतं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलाने त्याला हेच काम दिलं. छोट्या पाणबुड्या आणि पाण्याखालून हल्ला करणारे सैनिक किती दाब सोसतील? हॉल्डेन, त्याची सहकारी आणि पुढे बायको झालेली हेलन स्परवे, आणि मित्रमंडळी आळीपाळीने टाकीत. दाब दहा वातावरणांपर्यंत, म्हणजे ९० मीटर पाण्याखाली असावा तितका. आणि तिथे त्यांना काय दिलं जायचं? गुणाकाराची गणितं आणि चिमट्याने उचलायच्या लोखंडी गोळ्या. बाहेर सहज येणारं गणित आत चुकायचं, आणि चुकतंय हे कळायचंही नाही, उलट भारी वाटायचं. नायट्रोजनची ही नशा.

डीप डाइव्हला काही शिकवणारे खाली पाटीवर बेरीज-गुणाकार करायला लावतात. वर आणि खाली किती वेळ लागला ते तुलनेला. मला वाटायचं टाइमपास आहे. तो खेळ या टाकीतल्या पेपराचाच नातेवाईक आहे. आणि १६ मीटरवरून परत आल्यामुळे मी तो पेपर दिलाच नव्हता. खोलवर माझं डोकं कसं वागतं, हे मला ठाऊक नाही, पण कागद म्हणतो ठाऊक आहे. पुढचं सेंटर त्या कागदावर विसंबून मला ३० मीटरला नेणार.

हॉल्डेनने त्याच्या आकड्यांची किंमत शरीराने मोजली. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेताना त्याला झटके आले, पाठीचे मणके दुखावले आणि ते दुखणं पुढे वर्षानुवर्षं राहिलं. कानाचे पडदे फाटले. त्यावर त्याची गंमत अशी, की चारचौघांत सिगारेटचा धूर कानातून काढून दाखवायचा.

पण त्याला देव करू नका. तो कट्टर कम्युनिस्ट होता. सोव्हिएत रशियात लायसेंको नावाचा माणूस जनुकशास्त्राचाच गळा घोटत होता, खरे शास्त्रज्ञ तुरुंगात जात होते, आणि आयुष्यभर आकड्यांशी प्रामाणिक राहिलेला हॉल्डेन पक्षापायी बराच काळ गुळमुळीत बोलत राहिला. १९५० च्या सुमाराला तो पक्षातून बाहेर पडला. मला त्याची हीच सगळ्यात मोठी चूक वाटते, झटक्यांपेक्षाही मोठी.

१९५७ मध्ये, सुएझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा निषेध म्हणून, तो आणि हेलन भारतात आले. वय ६४. आधी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, मग वाद, मग १९६२ पासून भुवनेश्वर. नागरिकत्व भारताचं घेतलं, कपडे इथले, जेवण शाकाहारी. महागडी यंत्रं नाहीत म्हणून रडणाऱ्या विद्यार्थ्यांना तो मोजायला पाठवायचा. नारळाची पानं डावीकडे वळतात की उजवीकडे, मोजा. सुरेश जयकर हा त्याचा तरुण सहकारी. १९६३ चे हॉल्डेन-जयकर जोडीचे शोधनिबंध आजही वाचले जातात. त्याच जयकरने हेलनबरोबर माळटिटवीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आपल्याकडच्या माळरानावर दिसते तीच माळटिटवी.

शेवटी कॅन्सर झाला. त्यावरही त्याने विनोदी कविता लिहिली, स्वतःचा मृत्युलेख बीबीसीसाठी आधीच बोलून ठेवला आणि १ डिसेंबर १९६४ ला भुवनेश्वरमध्ये गेला. देह त्याच्याच इच्छेप्रमाणे काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला दिला गेला, विद्यार्थ्यांना शिकायला.

मी लॉगबुकमधल्या त्या पानावर रेघ मारलीये. पुढच्या सेंटरला फोन करून सांगितलं, की चार नाही, तीनच धरा. डीप डाइव्हची फी पुन्हा भरावी लागणार. पप्पांना अजून बोलले नाहीये, पण पेपर त्यांच्याही हातात पडतोच.