हिशेबातून वगळलेला गवई

आमच्या घरात चौथीपुढे कोणी शिकलेले नाही. आई अजूनही मोसमात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते आणि सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर असतो. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे तो अमेरिकेतला जगप्रसिद्ध गायक असला, तरी माझी त्याची ओळख गाण्यापेक्षा कापसामुळेच झाली. वसतिगृहात एका मित्राने मोबाईलवर कुणा म्हाताऱ्याचे गाणे लावले होते. त्यातले इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेले. पण हा माणूस लहानपणी कापूस वेचायचा, असे मित्र सहज बोलून गेला आणि मी उठून बसलो.

त्याचे नाव जॉनी कॅश. जन्म २६ फेब्रुवारी १९३२, आर्कान्सॉ राज्यातल्या किंग्जलंड गावी. मंदीचे दिवस होते. गरीब शेतकऱ्यांना पुन्हा उभे करण्यासाठी सरकारने डाईस नावाची वसाहत वसवली होती. १९३५ मध्ये कॅश कुटुंबाला तिथे घर आणि वीस एकर जमीन मिळाली. जमीन दलदलीची, झाडाझुडपांनी भरलेली. ती साफ करून त्यांनी कापूस लावला. पाच वर्षांचा असल्यापासून हा मुलगा रानात राबत होता आणि राबता राबता घरच्यांबरोबर भजने गात होता. कापसाच्या बोंडाची टोके बोटांना कशी लागतात, हे ज्याने वेचणी केली आहे त्यालाच माहीत. तो पुढे कितीही मोठा झाला तरी मला परका वाटला नाही, त्याचे कारण हेच असावे.

१९४४ साली एक भयंकर गोष्ट घडली. चार पैसे मिळावेत म्हणून त्याचा थोरला भाऊ जॅक लाकूड कापायला गेला होता. यांत्रिक करवतीत सापडून तो काही दिवसांतच गेला. जॉनी त्या दिवशी मासे धरायला गेला होता. ते शल्य त्याच्या मनातून अखेरपर्यंत गेले नाही. पुढे वयात येताना त्याचा आवाज फुटून खर्जात उतरला. आईने लोकांचे कपडे धुऊन पैसे जमवले आणि त्याला गाण्याच्या शिकवणीला घातले. तीन धडे झाल्यावर शिक्षिकेने शिकवणी बंद केली आणि कुणालाही हा आवाज बदलू देऊ नकोस, असे बजावले. ही हकीकत कॅशनेच पुढे लिहून ठेवली आहे. बाईंचे म्हणणे त्याने मधल्या काळात विसरायला नको होते.

१९५० मध्ये तो हवाई दलात गेला. जर्मनीत रशियनांचे बिनतारी संदेश टिपण्याचे काम त्याने केले. १९५४ मध्ये परत येऊन व्हिव्हियन लिबर्टो हिच्याशी लग्न केले आणि मेम्फिस शहरात दारोदार फिरून घरगुती उपकरणे विकू लागला. विक्रेता म्हणून तो अगदीच सुमार होता. पण त्याच शहरात सॅम फिलिप्स यांची 'सन रेकॉर्ड्स' ही कंपनी होती. १९५५ मध्ये तिने त्याची पहिली तबकडी काढली. १९५६ च्या 'आय वॉक द लाइन' या गाण्याने तो देशभर पोचला. त्या गाण्यात ढोल नाही. गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून त्याने तो ठेका काढला होता, आगगाडी रुळांवरून जाते तसा. गरिबीत माणूस काय काय शोधून काढतो!

१९५८ मध्ये तो 'कोलंबिया' या बड्या कंपनीत गेला. पैसा आला, कीर्ती आली आणि उत्तेजक गोळ्याही आल्या. १९६५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरून गोळ्या आणताना त्याला एल पासो येथे अटक झाली. त्याच्या या पडझडीवर लिहिताना लेखक जून कार्टरविषयी भरभरून लिहितात. ती गायिका होती, १९६८ मध्ये त्याची दुसरी पत्नी झाली आणि तिने त्याला सावरले, हे खरेच. पण चार मुली एकटीने सांभाळत नवऱ्याची वाट पाहणारी व्हिव्हियन त्या लिखाणात एका ओळीत उरते, हे मला खटकते.

तुरुंगात जाऊन गावे, ही कॅशची जुनी इच्छा होती. कंपनी टाळत राहिली. शेवटी १३ जानेवारी १९६८ रोजी तो कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायला आणि ती तबकडी तुफान खपली. पाठोपाठ १९६९ ची सॅन क्वेंटिन तुरुंगातली तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्याला दूरदर्शनवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. गरीब, कैदी आणि विसरलेल्या माणसांसाठी मी काळे कपडे घालतो, असे त्याने १९७१ च्या एका गाण्यातून सांगितले. ही पहिली उभारी. तीही कंपनीच्या मनाविरुद्धच आली होती.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतले ते सांगतो. १९८० मध्ये कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळाले. पण असा मान मिळाला की लोक नमस्कार करतात आणि ऐकणे थांबवतात! कंट्री म्हणजे मुळात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले संगीत. पण आता त्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहराला गुळगुळीत, शहरी गाणी हवी होती. रेडिओ तरुणांच्या मागे लागला. कॅशनेही धडपड केली, आणि ती चुकीच्या दिशेने. १९८४ च्या एका विनोदी गाण्यात त्याचा मेंदू काढून कोंबडीला बसवला जातो! त्याच्या चित्रफितीत हा काळ्या कपड्यांतला माणूस विदूषकासारखा पोशाख घालून वावरतो. ती मी एकदाच पाहिली. पुन्हा पाहवली नाही. दोष एकट्या कंपनीचा नव्हता, असे मला त्यामुळेच वाटते.

१९८५ मध्ये तीन मित्रांबरोबर गायलेले 'हायवेमन' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. तरीही १९८६ मध्ये कोलंबियाने त्याच्याशी करार पुढे चालवला नाही. अठ्ठावीस वर्षांचा संबंध संपला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर असेलही, त्याच्या एकट्याच्या तबकड्या खपत नव्हत्या. मी स्वतः बारावीला एकदा नापास झालो आहे. गावाने मला हिशेबातून वगळले तेव्हा त्यांच्यापाशीही गुणपत्रिका होतीच.

नंतर 'मर्क्युरी' कंपनीने त्याला घेतले, पण त्या तबकड्या कुणाच्या कानावर फारशा गेल्या नाहीत. मिसुरीतल्या ब्रॅन्सन या पर्यटकांच्या गावी त्याच्या नावाचे नाट्यगृह व्हायचे होते, तेही फसले. साठीचा माणूस जुनी गाणी गात गावोगाव फिरत राहिला.

१९९३ मध्ये त्याला रिक रुबिन भेटला. वय तिशीचे, दाढी छातीपर्यंत, आणि नाव झालेले रॅप व कर्कश रॉक संगीतात. या रुबिनने आपली पहिली कंपनी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून चालवली होती (आमच्या खोलीतून आजवर फक्त ढेकूण बाहेर पडले आहेत). त्याने कॅशपुढे मोठी योजना मांडली नाही. गिटार घेऊन बस आणि तुला आवडतात ती गाणी म्हण, एवढेच सुचवले. लॉस एंजेलिसमध्ये रुबिनच्या घरच्या बैठकीत कॅश गात राहिला. साथ नाही, वाद्यवृंद नाही. एवढ्या वर्षांत असे एकट्याच्या गिटारवर पूर्ण ध्वनिमुद्रण करण्याची त्याला कोणी मुभा दिली नव्हती. १९९४ मध्ये 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' निघाले आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ज्यांचे आईबापही त्याच्या पहिल्या तबकडीच्या वेळी लहान होते, ती मुले त्याला ऐकायला गर्दी करू लागली.

रुबिनने म्हाताऱ्याला वाचवले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. रुबिनने आवाजावरचा थर खरवडून काढला, आवाज मात्र त्या शिक्षिकेने ऐकलेलाच होता.

दुसऱ्या तबकडीला १९९८ मध्ये उत्कृष्ट कंट्री तबकडीचे ग्रॅमी मिळाले. कंट्री रेडिओने ती जवळजवळ वाजवलीच नव्हती. तेव्हा रुबिनच्या कंपनीने 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन नॅशव्हिलचे आणि रेडिओचे पाठिंब्याबद्दल उपरोधाने आभार मानले. सोबत सॅन क्वेंटिनमधले कॅशचे जुने छायाचित्र होते. त्यात तो बोटाने जी खूण करतो आहे, तिचे वर्णन आमचे संपादक छापणार नाहीत.

पण शरीर थकले होते. १९९७ मध्ये मज्जासंस्थेच्या विकाराचे निदान झाले, फुप्फुसांचा त्रास वरचेवर होऊ लागला. आवाज कापू लागला. लपवण्याऐवजी त्याने तो तसाच ध्वनिमुद्रित होऊ दिला. २००२ च्या तबकडीत त्याने ट्रेंट रेझनर या तरुण रॉक गायकाचे 'हर्ट' गायले. मित्राच्या मोबाईलवर मी ऐकले होते ते हेच. त्याची चित्रफीत मी नंतर पाहिली. बंद पडलेले त्याचे स्वतःचे संग्रहालय, धुळीतल्या वस्तू, तडा गेलेली मानाची तबकडी, आणि मागे उभी राहून त्याच्याकडे काळजीने पाहणारी जून. शेवटी तो पियानोचे झाकण लावतो आणि त्यावरून हळूच हात फिरवतो.

१५ मे २००३ रोजी जून गेली. तरीही तो गात राहिला. नीट दिसत नव्हते, धाप लागे, एकेक ओळ थांबून थांबून म्हणावी लागे. १२ सप्टेंबर २००३ रोजी नॅशव्हिलमध्ये तो गेला. वय एकाहत्तर.

त्या शेवटच्या महिन्यांतली गाणी असलेली तबकडी जुलै २००६ मध्ये निघाली आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. याआधी त्याच्या तबकडीला ती जागा मिळाली होती ती १९६९ मध्ये, सॅन क्वेंटिनच्या वेळी. मधे सदतीस वर्षे गेली होती आणि तो हेंडरसनव्हिलच्या दफनभूमीत जूनच्या शेजारी होता.