पक्षिनिरीक्षक डॉक्टर विल्सन

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचे एक विस्तीर्ण खंड आहे. त्याचा विस्तार आपल्या भारतदेशाच्या चौपटीहून अधिक आहे. परंतु तेथे गाव नाही, शेत नाही, सावलीपुरते झाडही नाही. जवळजवळ सर्व भूमी बाराही महिने बर्फाखाली गाडलेली असते. हिवाळ्यात तर कित्येक आठवडे सूर्याचे दर्शनच होत नाही. असे असले तरी हे खंड अगदी निर्जीव मात्र नाही. त्याच्या काठाकाठाने पेंग्विन पक्ष्यांच्या मोठमोठ्या वसाहती असतात, बर्फाच्या लाद्यांवर सील पहुडलेले असतात आणि थंडगार समुद्रात प्रचंड देवमासे विहार करीत असतात.

ही जीवसृष्टी डोळ्यांनी पाहावी म्हणून आज दरवर्षी हजारो प्रवासी अर्जेंटिना देशातील उशुआया बंदरातून जहाजाने दक्षिणेकडे जातात. त्यांच्या जहाजावर उबदार खोल्या असतात, गरम जेवण असते आणि पक्ष्यांची माहिती सांगणारे जाणकारही सोबत असतात. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रदेशातील प्राण्यांविषयी जगाला फारच थोडे ठाऊक होते. ते ज्ञान ज्यांनी अपार कष्ट सोसून मिळविले, त्यांच्यामध्ये डॉक्टर एडवर्ड विल्सन याचे नाव अग्रभागी आहे.

एडवर्डचा जन्म २३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी झाला. त्याचे वडील डॉक्टर होते. घरात दहा भावंडे होती. गावाजवळच त्यांचे एक शेत होते. तेथील कुंपणे, ओढे आणि झाडी हीच एडवर्डची खरी शाळा. पक्ष्यांची पिसे, शिंपले, फुलपाखरे असे काहीना काही गोळा करावे, त्याचे नीट निरीक्षण करावे आणि मग त्याचे चित्र काढावे, हा त्याचा आवडता उद्योग असे. चित्रकलेचे शिक्षण त्याला फारसे कोणी दिले नाही. पाहावे आणि काढावे, चुकले तर पुन्हा पाहावे, अशा रीतीने त्याचा हात तयार झाला. दिसले तेवढेच काढायचे, शोभेसाठी पदरचे काही घालायचे नाही, हा नियम मात्र त्याने जन्मभर पाळला.

पुढे केंब्रिज विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या परीक्षेत त्याने पहिला वर्ग मिळविला आणि वैद्यकीच्या अभ्यासासाठी तो लंडनला गेला. दिवसभर रुग्णालयात काम करून उरलेल्या वेळात तो गरिबांच्या वस्तीत सेवेला जाई. तेथेच त्याची ओरियाना या सुशील तरुणीशी ओळख झाली. परंतु अतिश्रमांमुळे त्याची प्रकृती ढासळली. १८९८ मध्ये त्याला क्षयरोगाने गाठले. त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. स्वच्छ हवा आणि विश्रांती एवढाच उपाय. त्यासाठी त्याला नॉर्वे व स्वित्झर्लंड या देशांत बराच काळ राहावे लागले. आजारपणाचे ते दिवस त्याने वाया घालविले नाहीत. वही व पेन्सिल घेऊन तो रानातून हिंडे आणि पक्षी न्याहाळी. प्रकृती सुधारल्यावर १९०० साली तो डॉक्टर झाला.

त्याच सुमारास कप्तान रॉबर्ट स्कॉट याच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिकाला एक मोहीम जावयाची होती. तिच्यासाठी प्राणिशास्त्र जाणणारा, चित्रे काढणारा आणि वैद्यकी करणारा माणूस हवा होता. विल्सनच्या ठायी हे तिन्ही गुण होते. त्याची फुप्फुसे दुबळी होती. तरीही स्कॉटने त्याला आपल्या मोहिमेत घेतले. १९०१ च्या जुलै महिन्यात विल्सन व ओरियाना यांचा विवाह झाला आणि अवघ्या तीन आठवड्यांनी ‘डिस्कव्हरी’ जहाजातून तो दक्षिणेच्या मार्गाला लागला.

वाटेत जहाज मॅक्वारी नावाच्या बेटाला लागले. तेथे तेलासाठी हजारो पेंग्विनांची कत्तल होत असे. विल्सनच्या मनाला ही गोष्ट फार लागली. इंग्लंडला परतल्यावर त्याने या संहाराविरुद्ध पक्षिशास्त्रज्ञांपुढे आवाज उठविला. पुढे तो व्यवसाय बंद पडला आणि १९३३ साली ते बेट प्राण्यांचे अभयारण्य झाले.

अंटार्क्टिकावर विल्सनने दोन हिवाळे काढले. उघड्यावर चित्र काढणे ही तेथे सोपी गोष्ट नव्हती. हातमोजा काढला की क्षणात बोटे बधिर होत. म्हणून तो घाईघाईने पेन्सिलीने आकृती काढी, कोठे कोणता रंग आहे हे शब्दांनी टिपून ठेवी आणि मुक्कामावर आल्यावर दिव्याच्या उजेडात ते चित्र रंगवी. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रखर प्रकाशाने डोळ्यांना भयंकर वेदना होतात आणि काही काळ दिसेनासे होते. विल्सनवर हा प्रसंग अनेकदा आला. १९०२ च्या डिसेंबरात स्कॉट व शॅकल्टन यांच्यासह तो दक्षिणेकडे दूरवर गेला असता, डोळ्यांवर पट्टी बांधून त्याने सोबत्यांबरोबर घसरगाडी ओढली.

याच मोहिमेत केप क्रोझियर या भूशिराजवळ सम्राट पेंग्विनांची वसाहत सापडली. सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांमध्ये सर्वांत मोठा पक्षी. त्याची उंची एक मीटरहून अधिक असते आणि वजन चाळीस किलोपर्यंत भरते. १९०३ च्या सप्टेंबरात, म्हणजे तेथील वसंत ऋतूच्या आरंभी, अंडी मिळतील या अपेक्षेने विल्सन तेथे गेला. पाहतो तो पिले आधीच बाहेर आलेली! याचा अर्थ एकच होता. हा पक्षी ऐन हिवाळ्यात, काळोखात आणि भयंकर थंडीत, उघड्या बर्फावर अंडी घालीत असला पाहिजे. जगातील दुसरा कोणताही पक्षी असे करीत नाही. तो घरटे बांधीत नाही. एकुलते एक अंडे पायांवर ठेवून पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून घेतो. हे उबविण्याचे काम नर करतो आणि त्या सुमारे दोन महिन्यांत तो काहीही खात नाही, हे पुढच्या काळातील अभ्यासकांनी शोधून काढले.

मायदेशी आल्यावर विल्सनने पेंग्विनांविषयी सविस्तर व सचित्र अहवाल लिहिला. त्यानंतर ग्राउज नावाच्या रानकोंबड्यांवर पडलेल्या रोगाचे कारण शोधण्याचे काम त्याने हाती घेतले. शेकडो मेलेले पक्षी तपासून, त्यांच्या आतड्यांतील एक सूक्ष्म कृमी हे त्या रोगाचे मूळ आहे, असे त्याने दाखवून दिले. परंतु सम्राट पेंग्विनाचे कोडे काही त्याच्या मनातून जाईना.

त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, अंड्यातील जीव वाढताना आपल्या पूर्वजांच्या सर्व अवस्थांमधून जातो. पेंग्विन हा फार प्राचीन प्रकारचा पक्षी आहे, असेही मानले जाई. तेव्हा त्याची ताजी अंडी मिळाली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांपासून पक्ष्यांची पिसे कशी झाली, याचा उलगडा होईल, असे विल्सनला वाटे. १९१० साली स्कॉट ‘टेरा नोव्हा’ जहाजातून पुन्हा दक्षिणेकडे निघाला. तेव्हा शास्त्रज्ञांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून विल्सनही निघाला.

२७ जून १९११ रोजी विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे केप इव्हान्स येथील मुक्काम सोडून केप क्रोझियरकडे निघाले. वाट सुमारे शंभर किलोमीटरांची होती. दोन घसरगाड्यांवर मिळून साडेतीनशे किलोंच्या आसपास ओझे होते. एप्रिलच्या अखेरीस मावळलेला सूर्य ऑगस्टच्या अखेरीपर्यंत उगवणार नव्हता. बर्फ वाळूसारखा भरभरीत झाल्यामुळे दोन्ही गाड्या एकदम ओढता येईनात. म्हणून एक गाडी पुढे न्यायची, मग मेणबत्तीच्या उजेडात आपलीच पावले शोधीत मागे यायचे आणि दुसरी आणायची, असा क्रम सुरू झाला. एक किलोमीटर पुढे सरकण्यासाठी तीन किलोमीटर चालावे लागे. थंडी शून्याखाली साठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली. अंगावरचा घाम गोठून कपडे पत्र्यासारखे ताठ होत. चेरी-गॅरार्डची दृष्टी अधू होती आणि त्या थंडीत चष्मा निरुपयोगी ठरे. तरीही कोणी कोणावर चिडला नाही. विल्सन वयाने वडील व स्वभावाने शांत. सोबत्यांच्या पायांना हिमदंश झाला आहे काय, हे तो वारंवार विचारी आणि धोका दिसताच मुक्काम करी.

एकोणीस दिवसांनी ते केप क्रोझियरला पोहोचले. तेथे त्यांनी दगड रचून व वर कापड ताणून एक झोपडी उभारली. मग कडे आणि बर्फाच्या भेगा ओलांडून ते पेंग्विनांपाशी गेले. अंधुक प्रकाशात शंभरेक पक्षी पायांवर अंडी सांभाळीत उभे होते. हे दृश्य मानवाने त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. त्यांनी पाच अंडी घेतली. चुलीच्या तेलासाठी तीन पक्षीही त्यांना मारावे लागले. परतताना दोन अंडी फुटली, तीन उरली.

त्यानंतर प्रचंड वादळ उठले. प्रथम तंबू उडून गेला. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, झोपडीचे छप्पर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. तो विल्सनचा एकोणचाळिसावा वाढदिवस होता. तिघेही आपापल्या झोपण्याच्या पिशव्यांत शिरून बर्फाखाली पडून राहिले. तंबूवाचून परत जाणे म्हणजे मरणच, हे प्रत्येकास ठाऊक होते. तरीही ते मधूनमधून गाणी म्हणत आणि एकमेकांना हाका मारून धीर देत. सुमारे दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेले नाही. वारा पडल्यावर बॉवर्सला उताराच्या पायथ्याशी तंबू सापडला आणि त्यांच्या जिवात जीव आला. १ ऑगस्ट रोजी ते तिघे जिवंत मुक्कामावर परतले. त्यांची तीन अंडीही सुखरूप होती.

तीनच महिन्यांनी विल्सन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाकडे निघाला. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण ध्रुवावर पोहोचले. परंतु नॉर्वेचा आमुंडसेन महिनाभर आधीच तेथे येऊन गेला होता. खिन्न मनाने ते परत फिरले. शक्ती क्षीण होत चालली होती, अन्न कमी पडत होते. तरीही वाटेतील खडकांत विल्सनला पानांचे ठसे दिसले, तेव्हा तो थांबला. त्याने ते दगड गोळा केले. सुमारे सोळा किलोंचे ते ओझे त्यांनी अखेरपर्यंत टाकून दिले नाही. वाटेत दोघांचा अंत झाला. उरलेले तिघे, स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स, मार्चच्या अखेरीस तंबूतच मरण पावले. अन्नाचा साठा तेथून अवघ्या वीसेक किलोमीटरांवर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शोधपथकाला तो तंबू सापडला. ते दगडही तेथेच होते.

त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वीची ही वनस्पती. तिचेच ठसे आपल्या नागपूर व चंद्रपूर भागातील खडकांतही सापडतात. याचा अर्थ, एके काळी अंटार्क्टिका व भारत एकाच महाखंडाचे भाग होते. मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून त्या महाखंडाला गोंडवन असे नाव मिळाले आहे. आज जेथे केवळ बर्फ आहे, तेथे एके काळी अरण्ये होती, याची साक्ष ते दगड देतात.

आणि ती तीन अंडी? चेरी-गॅरार्डने १९१३ साली ती लंडनच्या निसर्ग-संग्रहालयाच्या स्वाधीन केली. पुढे १९३४ साली त्यांच्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. खवल्यांपासून पिसे कशी झाली, या प्रश्नावर त्यांतून फारसा प्रकाश पडला नाही. ज्या समजुतीवर विल्सनचा तर्क उभा होता, ती समजूतच चुकीची होती. पेंग्विनांचे पूर्वज हे उडणारे पक्षी होते, हे आता आपणांस माहीत आहे.

मग त्याचे कष्ट व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. शास्त्रात तर्क खरा ठरतो किंवा खोटा ठरतो. परंतु प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावाचून ते कळत नाही. विल्सनचा तर्क टिकला नाही. त्याने पाहिलेले आणि रेखाटलेले मात्र टिकले. सम्राट पेंग्विन कोठे, केव्हा व कसा प्रजनन करतो, हे जगाला त्याच्यामुळे प्रथम समजले. या माहितीची आज फार गरज आहे. समुद्रावरील ज्या बर्फावर हे पक्षी पिले वाढवितात, तो बर्फ आता काही ठिकाणी लवकर फुटू लागला आहे. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या एका भागातील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत बर्फ वेळेआधी फुटल्यामुळे एकही पिलू वाचले नसावे, असे शास्त्रज्ञांना आढळले.

आता अंटार्क्टिकाला जाणाऱ्या प्रवाशांना पेंग्विनांपासून पाच मीटर दूर राहावे लागते. एका वेळी शंभरांहून अधिक जणांना किनाऱ्यावर उतरता येत नाही. बुटांना चिकटलेली माती व बिया आधी धुवून काढाव्या लागतात. अंडे उचलणे तर दूरच राहिले, एखादा खडाही कोणी नेऊ नये असा दंडक आहे. विल्सनच्या काळी हे नियम नव्हते. परंतु प्राण्यांजवळ शांतपणे थांबावे, त्यांना नीट पाहावे आणि जे दिसले तेच खरेपणाने सांगावे, ही शिस्त त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतली होती. त्यासाठी दक्षिण ध्रुवापर्यंत जावे लागते असे नाही. आपल्या अंगणातल्या चिमणीकडेही तशाच दृष्टीने पाहता येते.