डॉ. प्रफुल्लकुमार सेन : तीन तास चाललेले हृदय

गेल्या सत्रात एका दुपारी आपल्या शाळेची बस बडा गणपती चौराह्यावर उभी राहिली. पोलिसांनी चारही बाजूंची वाहतूक थांबवली होती. थोड्या वेळाने एक अ‍ॅम्ब्युलन्स विमानतळाकडे वेगाने निघून गेली आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला. बस उशिरा पोचली म्हणून काही पालकांचे फोन आले, ते साहजिकच होते. आपल्या इंदूरला २०१५ पासून या ग्रीन कॉरिडॉरची चांगलीच सवय झाली आहे. परंतु दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सातवीतील एका मुलीने आम्हाला विचारले की, एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्याला लावण्याची हिंमत आपल्या देशात सर्वांत आधी कोणी केली? त्या मुलीसाठी, आणि फोन करणाऱ्या पालकांसाठीही, या अंकात आम्ही डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांची ओळख करून देत आहोत.

डॉ. सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कोलकात्यात एका बंगाली कुटुंबात झाला. पण त्यांची कर्मभूमी मुंबई. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते शिकले, आणि कॉलेजला जोडलेल्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात, म्हणजे केईएममध्ये, त्यांनी पुढे आयुष्यभराचे काम केले. किंग एडवर्डचे नाव इंदूरकरांना नवे नाही. आपल्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या आवारातील जुनी दगडी इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते.

केईएमची एक गोष्ट मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात वरच्या जागा बहुतेक गोऱ्या डॉक्टरांनाच मिळत. म्हणून १९२६ साली हे कॉलेज सुरू झाले तेव्हा देणगीदारांनी अट घातली की येथे शिकवणारे सर्व भारतीयच असावेत. रुग्णालय महानगरपालिकेचे, भोवती कापड गिरण्या, आणि रुग्ण म्हणजे गिरणी कामगार व खेड्यांतून आलेली गरीब माणसे. डॉ. सेन यांनी जे काही केले ते अशा जागी केले, हे विसरून चालणार नाही.

१९४९ च्या सुमारास ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकायला गेले. हृदयाच्या शस्त्रक्रियेची ती अगदी पहाट होती. त्याच शहरात चार्ल्स बेली यांनी १९४८ मध्ये हृदयाची चिकटलेली झडप उघडण्यात यश मिळवले होते. त्याच शहरात जॉन गिबन हार्ट-लंग मशीनवर मेहनत घेत होते. या यंत्रात शरीरातील अशुद्ध रक्त बाहेर काढून त्याला प्राणवायू देतात व पुन्हा शरीरात पाठवतात, म्हणजे तेवढा वेळ हृदय थांबवून ते उघडता येते. ६ मे १९५३ रोजी गिबन यांनी या यंत्राच्या आधारे पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली.

डॉ. सेन परत आले तेव्हा केईएममध्ये असे काही नव्हते. रुग्ण मात्र होते, आणि त्यांत तरुण फार. येथे पालकांनी थोडे थांबून वाचावे. मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे दुखतो, आपण दोन दिवस हळद-दूध देतो, घसा बरा होतो. पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. त्याला रुमॅटिक फीवर म्हणतात. सांधे बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपा हळूहळू जाड होऊन चिकटू लागतात, आणि काही वर्षांनी तो मुलगा जिना चढताना धापा टाकू लागतो. वेळेवर पेनिसिलीन मिळाले तर हे सर्व टळते. ज्यांचे टळले नव्हते असे रुग्ण डॉ. सेन यांच्याकडे येत. १९५० च्या दशकात ही झडप हृदय चालू असतानाच उघडत असत : हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला छोटे छिद्र पाडायचे, त्यातून बोट आत घालायचे, आणि आतले काही दिसत नसताना केवळ स्पर्शाने चिकटलेली झडप मोकळी करायची. अशा शस्त्रक्रिया करता करताच डॉ. सेन यांनी केईएममध्ये हृदयशल्यचिकित्सेचा विभाग उभा केला आणि शिष्यांची एक पिढी तयार केली. डॉ. जी. बी. परुळकर हे त्यांतील एक मोठे नाव.

आम्हाला स्वतःला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट सापाची आहे. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या हृदयाच्या बाहेरच्या अंगाने जातात. त्या तुंबल्या की हार्ट अटॅक येतो. सापाच्या हृदयाला मात्र बरेचसे रक्त आतल्या कप्प्यातूनच बारीक वाटांनी थेट मिळते. डॉ. सेन यांच्या मनात आले की माणसाच्या हृदयातही अशा वाटा करता येतील का? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयात सुईने बारीक छिद्रे पाडून प्रयोग केले आणि १९६५ साली परुळकर, उडवाडिया इत्यादी सहकाऱ्यांसह ते अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित शोधपत्रिकेत छापले. यातील डॉ. उडवाडिया म्हणजे पुढे भारतात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया रुजवणारे डॉ. तेहम्टन उडवाडिया. सुईने केलेली छिद्रे काही काळाने बुजतात असे नंतर दिसून आले. पण कल्पना मेली नाही. पुढे लेझरने तशी छिद्रे करण्याची पद्धत निघाली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. तिचा फायदा नेमका कशामुळे होतो, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. विज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना नेहमी नीट निरीक्षण करा असे सांगतो. सापाचे हृदय पाहून माणसाचा विचार करणे, यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

आता मुख्य प्रसंग. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदय प्रत्यारोपण केले. त्यांच्या मागोमाग अमेरिकेतील एड्रियन कँट्रोविट्झ व नॉर्मन शमवे यांनी ते केले. चौथे सर्जन डॉ. सेन होते. फेब्रुवारी १९६८ च्या मध्यावर त्यांनी केईएममध्ये एका तरुण शेतकऱ्याला अपघातात सापडलेल्या तरुण स्त्रीचे हृदय लावले. जगातील हे सहावे आणि आशिया खंडातील पहिले हृदय प्रत्यारोपण. नवे हृदय धडधडू लागले, परंतु रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर डॉ. सेन थांबले.

या तीन तासांना काय म्हणावे? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. वर्तमानपत्रांना पहिला क्रमांक हवा असतो, आणि आम्हा शिक्षकांनाही तो आवडतो. पण त्या शेतकऱ्याच्या घरच्यांना क्रमांकाशी काय देणेघेणे? दुसरीकडे, औषधांनी ज्याचा इलाज उरला नव्हता अशा माणसासाठी, कुत्र्यांवर काही वर्षे सराव केलेल्या सर्जनने प्रयत्न केला, हेही खरे. आम्हाला वाटते, पहिल्या प्रयत्नाला जेवढे धैर्य लागले तेवढेच दुसऱ्यानंतर थांबायलाही लागले असेल. १९६८ मध्ये जगभर शंभरावर हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण फार काळ जगले नाहीत, कारण शरीर परके हृदय स्वीकारत नसे आणि ते थोपवणारी चांगली औषधे नव्हती. हळूहळू बहुतेक सर्वांनीच हे काम सोडले. शमवे मात्र स्टॅनफर्डमध्ये चिकाटीने लागून राहिले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले तेव्हा चित्र पालटले.

अडचण कायद्याचीही होती. मेंदू पूर्ण मृत झाला म्हणजे मनुष्य मृत, असे मानणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. जपानमध्ये ऑगस्ट १९६८ मध्ये डॉ. वाडा यांनी असेच प्रत्यारोपण केले तर त्यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, परंतु त्या देशात पुढचे हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९९ साल उजाडले. हृदय काढणाऱ्याच्या डोक्यावर केवढी टांगती तलवार असे, हे यावरून समजेल.

भारत सरकारने १९६९ मध्ये डॉ. सेन यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तेही हृदयविकाराच्या झटक्याने. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. आपल्या शहरात बस थांबते ती या कायद्यामुळे, आणि दुःखाच्या घडीला हो म्हणणाऱ्या कुटुंबांमुळे.

परळच्या केईएममध्ये मात्र डॉ. सेन यांच्यानंतर फार वर्षे कोणी हृदय बदलले नाही. जुलै २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, तेथे पुन्हा एका रुग्णाला दुसऱ्याचे हृदय लावण्यात आले.