चटका आणि बहिणाबाई

मैत्रिणींनो, भाकरी उलटताना बोट पोळलं की बहिणाबाई चौधरींचं ते संसाराचं गाणं हटकून आठवतं. शाळेत आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय. वस्तीत बचत गटाच्या कामाला जाते, तिथे नव्या सुनेला सासूबाई तेच ऐकवतात, म्हणजे सुनेनं कुरकुर करू नये! मला काही हे पटत नाही. गाणं ज्या बाईचं, तिचं आयुष्य तरी आधी बघूया.

आपल्या संभाजीनगरहून निघून अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो. जळगावजवळचं असोदे हे बहिणाबाईंचं माहेर. १८८० साली महाजनांच्या घरात, ऐन नागपंचमीला त्या जन्मल्या. त्या दिवशी आपल्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवाही चुलीवर चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. वर्षातून एक दिवस तव्याला सुट्टी, आणि नेमका तोच यांचा वाढदिवस. गंमतच, नाही का?

पुढे मात्र सुट्टी नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झालं. शेत, जातं, चूल, एकामागून एक. तिशीतच वैधव्य आलं. पदरात ओंकार, सोपान आणि काशी. प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. अक्षरओळख नव्हती, तरी दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि मावसभावानं जमेल तशी ती गाणी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२मध्ये आचार्य अत्र्यांमुळे 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. छापलेलं पुस्तक काही त्यांनी पाहिलं नाही.

आता त्यांच्या वेळची चूल डोळ्यांपुढे आणा. कापसाचा मुलूख, त्यामुळे वाळकी पऱ्हाटी सरपणाला. ती भरकन पेटते, जाळ भसकन तोंडाबाहेर येतो आणि हात सारखा चुलीशी न्यावा लागतो. चूल जमिनीवर, रांगतं पोर तिथेच. अशा चुलीपाशी बसणाऱ्या बाईला चटका चुकणार कसा? बहिणाबाईंनी जे होतं ते गाण्यात सांगितलं. तसंच होत राहावं, असं त्या कुठे म्हणाल्या?

एका बाबतीत मात्र ती पिढी आपल्यापेक्षा शहाणी होती. अंगात सुती लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आपण पॉलिस्टरच्या गाऊनवर ओढणी घेऊन गॅसशी उभ्या राहतो. तो कपडा पेटला की वितळून कातडीला चिकटतो. स्वयंपाकाला सुतीच कपडा घालायचा, एवढं तरी आजपासून कराच. मागच्या शेगडीवरचं काढायला पेटत्या पुढच्या शेगडीवरून हात नेणं, ही आपली आणखी एक खोड. उकळतं पातेलं मागे ठेवा आणि कढईचा दांडा आत वळवा, म्हणजे लहान मुलाचा हात पोचत नाही. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नका, भडका उडतो. हात पोचत असेल तर गॅस बंद करायचा, वर झाकण सरकवायचं आणि कढई गार होईपर्यंत तिला हलवायचंही नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ला फोन लावा.

आणि भाजलंच तर? हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ, यातलं काहीही नको. बांगड्या-अंगठी लगेच काढा, नंतर बोट सुजलं की निघत नाही. मग नळाच्या साध्या पाण्याच्या धारेखाली हात वीस मिनिटं धरायचा. फोड फोडायचा नाही. तळहाताएवढं किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर थेट दवाखाना गाठायचा.

वस्तीत हे सांगितलं की बायका हसतात. वीस मिनिटं नळाखाली उभं राहिलं तर तव्यावरच्या भाकरीचं काय, म्हणतात. अहो, गॅस बंद करून जा. तरी करपलीच तर गाईला घाला.