ध्वनिमुद्रिकेतील बालगंधर्व : रंगभूमीवरील पद आणि घरातला श्रोता

किर्लोस्कर नाटक मंडळीचे अग्रगण्य गायक नट भाऊराव कोल्हटकर १३ फेब्रुवारी १९०१ रोजी निवर्तले. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक पहिल्या मुद्रणमोहिमेसाठी कलकत्त्यास आले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. या पावणेदोन वर्षांच्या अंतराने मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासाचे दोन भाग पडले आहेत. भाऊरावांचा आवाज आज केवळ आठवणींतून आणि वर्णनांतून समजून घ्यावा लागतो; त्यांची जागा ज्या मुलाने पुढे भरून काढली, त्या नारायण श्रीपाद राजहंस यांचा आवाज मात्र प्रत्यक्ष ऐकता येतो. बालगंधर्वांच्या कलेची चर्चा करणारा बहुतेक प्रत्येक अभ्यासक आज त्यांच्या नाटकांचा प्रेक्षक नसून त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा श्रोता आहे. त्यांच्या चरित्राकडे ध्वनिमुद्रिकेच्या बाजूने पाहण्याचे प्रयोजन यातूनच निर्माण होते.

राजहंस घराणे सांगली परिसरातील नागठाणे येथील. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले आणि ते नाव जन्मभर चिकटले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय लाभला. कानाच्या विकाराने ऐकू येणे कमी झाले होते. त्यावर महाराजांच्या सांगण्यावरून मिरजेस उपचार झाले. १९०५ मध्ये मिरजेसच किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर ते शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले. गद्य भाषणाचे आणि अभिनयाचे शिक्षण गोविंद बल्लाळ देवलांकडून आणि गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांकडून, असा दुहेरी लाभ त्यांना झाला. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही परंपरांतील उस्तादांकडून विद्या मिळविली होती. बालगंधर्वांच्या पदांतील आलापीचा डौल आणि लयीशी चाललेली सहज क्रीडा यांचे मूळ या तालमीत शोधावे लागते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग मात्र ठरल्याप्रमाणे झाला आणि त्यांनी भामिनी उभी केली. ही घटना त्यांच्या चरित्रांत कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून वारंवार येते. त्या रात्रीचा भामिनीचा स्वर कसा लागला असेल, हे मात्र कोणतेही वर्णन सांगू शकत नाही. गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाला चाली देताना ठुमरी-दादऱ्याच्या अंगाचा मोकळेपणाने उपयोग केला. 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे होती; खाडिलकरांच्या नाटकांत पदांची संख्या घटली आणि प्रत्येक पदाचा गायनविस्तार वाढला. साकी, दिंडी, कामदा यांसारख्या कथन पुढे नेणाऱ्या लहान रचना मागे पडल्या आणि स्वतंत्रपणे ऐकता येईल असे पद पुढे आले. नाटकातून उचलून तबकडीवर ठेवता येण्याजोगा घाट पदाला या काळात लाभत गेला, ही बाब वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

१९१३ मध्ये गणेश गोविंद तथा गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' व 'संशयकल्लोळ', १९१९ मध्ये 'एकच प्याला', १९२० मध्ये 'द्रौपदी' अशी नाटके या मंडळीने रंगभूमीवर आणली. 'स्वयंवरा'चे संगीत भास्करबुवांचे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि महिना उलटण्यापूर्वीच बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. त्या नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. मुद्रिका ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. गाणे सिंधूचे, नाटक गडकऱ्यांचे आणि आवाज बालगंधर्वांचा एवढेच लक्षात राहते. पदकर्त्याचे नाव असे लोपणे ही ध्वनिमुद्रिकेने केलेली एक हानी होय आणि मराठी नाट्यपदाच्या अभ्यासात तिची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

येथे मुद्रणाची रीत लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९२५ पूर्वी मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावयाचे, त्या आवाजाच्या कंपनाने सुई मेणाच्या थरावर रेघ कोरीत जावयाची, असा तो प्रकार. साथीदारांना कर्ण्यापासून कमीअधिक अंतरावर बसवून वाद्यांचे प्रमाण साधावे लागे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. रंगभूमीवर हेच पद वन्समोअर घेत घेत लांबत जाई. श्रोत्यांनी मागावे आणि नारायणरावांनी पुन्हा नव्या अंगाने गावे, हा त्या प्रयोगांचा नित्यक्रम होता. नाटके उत्तररात्रीपर्यंत चालत, याचे ते एक प्रमुख कारण.

बालगंधर्वांवर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप याच संदर्भातला आहे. गाण्याने नाटकाला गिळले, रुक्मिणी किंवा सिंधू मागे राहून मैफल पुढे आली, असा तो आक्षेप. तो निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या मुद्रिका ऐकताना एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. जेथे विस्ताराला वावच नाही, तेथे या गायकाने पदाची संपूर्ण आकृती उभी केलेली आहे. 'स्वयंवरा'तील यमनाचे पद घ्यावे. कृष्णाला मनोमन वरलेल्या रुक्मिणीची लज्जा आणि अभिमान ही दोन्ही तेथे स्वरांच्या मोजक्या वळणांतून व्यक्त होतात. शब्दाचा उच्चार स्वच्छ आहे, तान शब्दाला तोडीत नाही, समेवर येण्यात आटापिटा नाही. त्याच नाटकातील बिहागाच्या पदातही हाच संयम आहे. आपल्यातील मैफिली गवयाला हा नट आवर घालू शकत होता, याचा पुरावा रंगभूमीच्या आठवणींत मिळत नाही. तो तबकडीवर मिळतो. यंत्राच्या मर्यादेने घडविलेली ही शिस्त, नटाच्या विवेकाने नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच मर्यादेत गाणाऱ्या कित्येक समकालीनांची पदे घाईने उरकल्यासारखी ऐकू येतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

श्रोत्याच्या बाजूने पाहता ध्वनिमुद्रिकेचे आकर्षण केवळ गोड गळ्याचे नव्हते. नाटक मंडळीचा मुक्काम मोठ्या गावी पडे. तिकिटाचा खर्च, प्रवास आणि रात्रीचे जागरण सर्वांना परवडणारे नव्हते. ज्याने प्रयोग पाहिला त्याच्यासाठी तबकडी म्हणजे आठवण जागविण्याचे साधन होते. ज्याने तो पाहिलाच नाही त्याच्यासाठी तीच नाटकाची जागा घेई. तबकडीवर पदाच्या आरंभीच्या शब्दांबरोबर नाटकाचे नाव छापलेले असे. पदांची पुस्तके स्वतंत्रपणे विकली जात. एक हातात आणि दुसरे ग्रामोफोनवर अशा जोडीतून घरबसल्या एक नवेच नाटक आकाराला येत असे. त्यात संवाद नव्हते, प्रवेशांचा क्रम नव्हता. जे होते ते श्रोत्याच्या कल्पनेतून पुरे होई. एका संगीतिकेची पदे मूळ नटसंचाकडून संगतवार मुद्रित करून संचाच्या रूपाने विकण्याची प्रथा अमेरिकन रंगभूमीवर १९४३ मधील 'ओक्लाहोमा'पासून दृढ झाली. गंधर्व मंडळीच्या वैभवकाळी मराठी श्रोत्याच्या वाट्याला सुटी पदेच आली.

सुट्या पदातून काय निसटते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंधूचे आहे. 'द्रौपदी'च्या सजावटीवर आणि वस्त्रालंकारांवर मंडळीने अमाप खर्च केला होता. उंची शालू, खरे अत्तर, भारी गालिचे यांविषयीची बालगंधर्वांची हौस प्रसिद्धच आहे. हाच नट 'एकच प्याला'त ठिगळाच्या लुगड्यात जात्यापाशी बसे आणि प्रेक्षागृह स्तब्ध होई. भरजरी शालू आणि ठिगळाचे लुगडे यांतील हे अंतर तबकडीला दिसत नाही. सिंधूचे पद मुद्रिकेवर गोड वाटते. रंगभूमीवर ते असह्य होत असले पाहिजे. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाची चाल, पदर सावरण्याची लकब, नजरेचा मार्दवभाव यांविषयी पिढ्यांनी लिहिले आहे. त्यातले काहीच कर्ण्यात शिरले नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला संयुक्त 'मानापमान'ही असाच हरपला. केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी समोरासमोर उभी राहिली, त्याचे मुद्रण करण्याचे साधनच तेव्हा नव्हते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले.

मंडळी कर्जात बुडाली ती याच सुमारास. देणे नाकारण्याचा किंवा दिवाळे काढण्याचा मार्ग बालगंधर्वांनी पत्करला नाही. पुढील काही वर्षे अखंड प्रयोग करून त्यांनी ते फेडले. तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी या काळात मंडळीत होती. भास्करबुवांच्या निधनानंतर (१९२२) मास्टर कृष्णरावांनी संगीताची धुरा घेतली आणि १९३१ मध्ये 'कान्होपात्रा' आले. नाट्यपदाकडून अभंगाकडे झालेला हा कल नंतरच्या मुद्रणांत ठळक होत जातो.

येथे मुद्रिकांच्या साक्षीतील मोठी विसंगती पुढे येते. विजेवर चालणारे मुद्रण भारतात रुळले तेव्हा बालगंधर्व चाळिशीत पोहोचले होते. म्हणजे कंठ ऐन तारुण्यात असताना यंत्र अपुरे होते आणि यंत्र समर्थ झाले तेव्हा कंठाचा पहिला बहर सरला होता. आधीच्या तबकड्यांत खरखरीआडून एक निमुळता, तेजस्वी स्वर ऐकू येतो. नंतरच्या तबकड्यांत स्वर अधिक भरीव, पण श्वास किंचित जड. आजच्या श्रोत्याला स्पष्ट ऐकू येतात म्हणून उत्तरकालीन मुद्रणे प्रिय असतात आणि त्यांवरूनच तो भामिनी-रुक्मिणीची कल्पना करतो. अभ्यासकाने तरी हा क्रम उलटा लावावा. आधीची मुद्रणे कष्टाने ऐकावीत. त्यांत जे कमी ऐकू येते ते त्या नाटकांच्या काळाच्या अधिक जवळचे आहे.

१९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. स्त्रीवेष उतरवून पुरुषवेषात आलेला हा नट प्रेक्षकांना परका वाटला. चित्रपटात त्यांचे मन रमले नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. तोवर बोलपटाने नाटक मंडळ्यांचा पाया खचविला होता. त्यांच्या गायकीचा ध्यास घेतलेल्या गोहरबाई कर्नाटकी पुढे त्यांच्या मंडळीत आणि आयुष्यात आल्या. गोहरबाईंच्या स्वतःच्या मुद्रिका ऐकताना अनुकरण कोठे संपते हे सांगणे अवघड जाते. पुरुषाने घडविलेला स्त्रीचा स्वर एका स्त्रीने आत्मसात करावा, या घटनेकडे समीक्षेने चारित्र्याच्या चर्चेपलीकडे जाऊन क्वचितच पाहिले. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाने त्याच पदांचा नव्याने शोध घेतला, तेव्हा त्यांनी नक्कल कटाक्षाने टाळली.

अखेरची वर्षे आजारपणाची आणि विपन्नतेची होती. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. १९६२ मध्ये पुण्यातील नव्या नाट्यगृहाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले आणि त्यांचे नाव धारण करणारे ते रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले. जुन्या तबकड्यांवरील पदे पुढे लाँगप्ले मुद्रिकांवर आणि कॅसेटवर एकत्र करून निघाली. या संग्रहांत रुक्मिणी, सिंधू आणि कान्होपात्रा यांची पदे एकामागोमाग येतात. मधले प्रवेश ज्याला हवे असतील त्याला नाटकाची संहिता शेजारी उघडून ठेवावी लागते.